चक्रीवरचे घोडे

शहापुरात आमच्या शेजारी राहणाऱ्या गृहस्थांना जुन्या वास्तूंची छायाचित्रे काढण्याचा नाद आहे. बंद पडलेली भातगिरणी असो वा तानशाच्या वाटेवरची कौले ढळलेली धर्मशाळा, कॅमेरा डोळ्याला लावला की ते तिलाच बजावतात, “हलायचं नाय हां!” मी संकोची माणूस, त्यांची पिशवी धरून मागे उभे राहणे मला मानवते.

गेल्या हिवाळ्यात म्हशाच्या जत्रेआधी आम्ही मुरबाडकडे गेलो, ते एका लाकडी घोड्यांच्या चक्रीसाठी. हातांनी ढकलून फिरवायची ती चक्री फार जुनी होती आणि घोड्यांवर जुन्या रंगांचे पापुद्रे सुटले होते. तेच त्यांना टिपायचे होते. पण मालकीणबाई रंगाचा डबा घेऊन आडव्या आल्या.

“आता नको काढू फोटू, दादा. रंग लागू दे.”

“मावशी, मला असेच पायजेत. रंग दिला का जुनं सगळं जाईल.”

“तुझं जुनं जाईल, पन आमची लाज जाईल त्याचं काय? तू बसशील का फोटूला तोंड न धुता?”

ते हसले. कॅमेरा माझ्याकडे देऊन त्यांनी बाह्या सरसावल्या आणि दुसरा कुंचला मागून घेतला. पापुद्रे एकेक करून रंगाखाली गेले. हळहळ मलाच वाटली. त्यांनी रंगवलेली आयाळ मात्र बाईंना पुन्हा रंगवावी लागली.

उन्हे कलल्यावर बाई पदर सावरून घोड्याशेजारी उभ्या राहिल्या. “आता काढ.”

त्या छायाचित्रात बाईंचा हात घोड्याच्या मानेवर आहेसे वाटते. नीट पाहिले तर तो बोटभर वर आहे. रंग ओला होता.