टोपलीतला नारळ

सून स्वयंपाकाला नारळ सोलत होती. सोडणाचा वास आला आणि मी थेट मालवणच्या धक्क्यावर जाऊन पोचले, लग्नानंतरच्या पहिल्या नारळीपौर्णिमेला.

दर्याला नारळ देऊन झाला होता आणि बायका नारळ लढवत होत्या. एकीने नारळ घट्ट धरायचा, दुसरीने आपला त्यावर हाणायचा, जिचा फुटेल ती हरली. मी साताऱ्याकडची, मला हे सगळं नवं. सासूबाईंनी पिशवीतून एक नारळ काढून माझ्या हातात दिला, स्वतः टोपलीतला कुठलातरी उचलला आणि पहिल्याच फटक्याला हरल्या. त्यांना हरवणाऱ्या काकू समोरच्या सिंधुदुर्ग किल्ल्यात राहायच्या. मग त्या माझ्यापुढे उभ्या राहिल्या.

"डोळे मिटू नको गो," सासूबाई म्हणाल्या. "नारळ फुटतलो, हात नाय."

फुटला तो काकूंचा. गोड पाणी माझ्या कोपरापर्यंत ओघळलं.

"आता किल्ल्यात ये," काकू हसून म्हणाल्या. "आमच्या बावीचा पाणी पी."

पुढच्या आठवड्यात होडीने गेले, तेव्हा तटावरून अशी चालले की किल्ला मीच जिंकलाय.

जोर माझ्या हाताचा, असंच मला कितीतरी वर्षं वाटायचं. सासूबाईंनी तो नारळ वाजवून, पारखून स्वतःसाठी ठेवला होता, हे मी स्वतः नारळ पारखायला लागल्यावर कळलं.

सुनेच्या हातातला नारळ घेऊन मी बोटाने वाजवला आणि बाजूला ठेवला.

"ह्यो फोडू नको गो. पुनवेक तुझ्या हातात होयो."

"आणि तुमका?"

"माका टोपलीतलो खंयचोय चलात."