बलकाचं पाणी

झेब्रा माशांना पोटच्या पोरांची माया म्हणून नसते. मादी अंडी नुसती सांडते आणि नंतर नर-मादी मिळून तीच अंडी खातात. म्हणून बाबांनी काचेच्या टाकीत तळाला गोट्या पसरल्या होत्या. गोट्यांच्या फटींत पडलेली अंडी वाचायची, आणि सकाळी बाबा त्या जोडीला उचलून दुसऱ्या टाकीत टाकायचे. "तुझं नशीब, आम्ही तुला खाल्लं नाही," असं वर मला ऐकवायचे.

हसत होते, पण आमचं भांडण चालू होतं. आगाशीला देवळात गेलेले बाबा एकदा परतीच्या बसमध्ये बसले आणि उतरायचं कुठे तेच विसरले. तेव्हापासून मी धोशा लावला होता, की मी ऑफिसला गेल्यावर घरात कुणीतरी हवं. जवळच्या चांदीप गावची एक बाई दिवसभर थांबायला तयारही होती. बाबांनी तिला दारातूनच परत पाठवलं.

"धड दिसतही नाहीत एवढी पिल्लं मी वाढवतोय, आणि मला सांभाळायला बाई?"

पिल्लं खरंच वाढत होती. उकडलेल्या अंड्याचा चिमूटभर बलक पाण्यात कालवायचा, फडक्यातून गाळायचा आणि ड्रॉपरने थेंब थेंब सोडायचा. जास्त झाला तर पाणी नासतं आणि पिल्लं मरतात, हे मला बाबांनीच शिकवलं होतं. त्यांचा तो नेटकेपणा बघून मलाही वाटायला लागलं होतं, की आपणच उगाच घाबरतोय.

मग एका संध्याकाळी दार उघडलं तर घरभर कुबट वास. टाकीतलं पाणी ताकासारखं पांढरं झालं होतं आणि पिल्लं तळाला गाळ बसावा तशी बसली होती. एकही हलत नव्हतं. स्वयंपाकघरात ओट्यावर एका ताटात उकडलेली अंडी पडली होती, सगळी अर्धी कापलेली, आतला बलक काढून घेतलेली. ताट भरलं होतं.

"बाबा, काय करून ठेवलंत हे!" माझं डोकं तसंही लवकर फिरतं.

"अगं, उपाशी होती बिचारी. सकाळपासून कुणी काही घातलंच नाही त्यांना."

"कुणी घातलं नाही? ओट्यावर जाऊन बघा जरा!"

ते गेले. बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा टाकीकडे न बघता खुर्चीत बसले.

"त्या बाईला उद्यापासून यायला सांग," म्हणाले.

इतके महिने मला हेच ऐकायचं होतं. आता मात्र वाटलं, यांनी खेकसावं माझ्यावर, नाही म्हणावं. मला रडू आलं.

"आणि गॅस बंद केलाय का मी, बघून ये."

बंद होता. आल्या आल्याच पाहिला होता मी. तरी मी उठले आणि पुन्हा बघून आले.