सासऱ्यांचा ठेका

माझ्या सासऱ्यांनी उभ्या जन्मात एकदा बोललेला शब्द कधी मागे घेतला नाही, आणि हे मी कौतुकानं सांगत नाहीये. त्या घरात सून म्हणून नांदलेय, भोगून सांगतेय. एकदा जेवताना ते सहज म्हणून गेले की पडवळ ही काही माणसानं खायची भाजी नव्हे. झालं. त्यानंतर सासूबाईंना पडवळ खायची लहर आली की माहेरी जावं लागे. कधीतरी कसल्याशा रागात पोस्टमनला म्हणाले, "फाटकाच्या आत यायचं नाही." राग दुसऱ्या दिवशी ओसरला, शब्द राहिला. तो बिचारा धो धो पावसात फाटकाशी उभा राहून हाका मारी आणि हे ओटीवरून छत्री घेऊन, पायऱ्या उतरून, चिखल तुडवत पत्र आणायला जात. "अण्णा, आत बोलवा की त्याला," मी म्हटलं, तर म्हणाले, "सांगून झालंय ना एकदा." घरात सगळे त्यांना अण्णाच म्हणत. पूर्णगडच्या वाटेवर आमचं घर, मागे हापूसची कलमं, आणि त्या सगळ्यावर अण्णांचा शब्द.

असाच एक शब्द त्यांनी फार पूर्वी आपल्या धाकट्या भावाला दिला होता. हे काका बँकेतली नोकरी सोडून व्हायोलिन वाजवायला मुंबईला निघाले, तेव्हा अण्णा म्हणाले, "जा. पण या घरात ते वाद्य पुन्हा वाजता कामा नये." काका गेले. तिकडे एका गोवेकर गिटारवाल्याबरोबर हॉटेलांतून वाजवलं, मग सिनेमाच्या गाण्यांना वाजवलं. पुढे सगळ्या वाद्यांचे आवाज एकाच यंत्रातून निघायला लागले आणि व्हायोलिनवाल्यांना कोणी बोलावीना. गिटारवाला मुलीकडे परदेशी निघून गेला. काकांचं लग्न झालेलं नव्हतं. १९९८ साली, मी नवी सून असताना, ते एक बॅग आणि व्हायोलिनची पेटी घेऊन परत आले. पेटी माळ्यावर टाकली आणि मागच्या खोलीत जाऊन बसले ते बसलेच. जेवायला हाक मारली की येत, मान खाली घालून जेवत, उठून जात. सासूबाई एक दिवस अण्णांना ऐकू जाईल अशा बेतानं मला म्हणाल्या, "हा असाच बसून बसून संपेल गो." अण्णांनी ऐकलं. खरं म्हणजे दोनच शब्द पुरले असते, 'वाजव रे'. पण ते म्हणायचे तर आधीचे गिळायला हवेत, आणि ती सोय त्यांच्या घशात नव्हती.

त्याऐवजी त्यांनी काय केलं असेल? कपाटाच्या तळातून एक कॅसेट काढली. ती काकांनी मुंबईहून बारा-तेरा वर्षांपूर्वी पाठवली होती आणि अण्णांनी पुडकंसुद्धा फोडलं नव्हतं. आता फोडलं. आत काकांच्या अक्षरात चिठ्ठी होती: 'दादा, याला जिप्सी जाझ म्हणतात. युरोपातल्या भटक्या लोकांचं आहे. यात तबला नाही, ढोल नाही, ठेका गिटारच धरते. ती गिटार आहे म्हणून मला वाजवता येतं.' अण्णांनी चिठ्ठी चष्म्यातून वाचली, चष्मा काढून वाचली, आणि चौथ्या दिवशी रत्नागिरीला जाऊन गिटार घेऊन आले. वय त्रेसष्ट. त्याआधी आरतीला झांजसुद्धा त्यांच्या हातात कोणी देत नसे, कारण ती आरती संपली तरी वाजत राही.

गावातल्या एका गिटार शिकवणाऱ्या मास्तरांनी तारा बोटांनी दाबायच्या पाच-सहा पकडी दाखवल्या, कॅसेट ऐकली आणि हात जोडले. मग कॅसेट हाच गुरू. त्या ठेक्याची गंमत अशी की चारातला पहिला आणि तिसरा ठोका जरा मोकळा सोडायचा, आणि दुसरा नि चौथा वाजवल्या वाजवल्या पकड ढिली करून मारून टाकायचा. अण्णांनी त्याचे बोल स्वतःच बसवले: एक, छाट, तीन, छाट. कलमांची छाटणी आयुष्यभर केलेला माणूस. बागेत हे बोल पुटपुटत फिरत आणि गडी गोंधळून भलत्याच फांदीला कोयता लावत. डाव्या हाताच्या पकडी तर चोवीस तास चालू. छत्रीच्या दांड्यावर, झोपाळ्याच्या कडीवर, मिळेल त्यावर. एका लग्नात त्यांनी शेजारच्या व्याह्यांचं मनगट पंगत वाढून होईपर्यंत दाबत ठेवलं. व्याह्यांना वाटलं, अण्णांना काहीतरी मनातलं सांगायचंय. ते बिचारे डोळ्यांत पाणी आणून थांबून राहिले.

रोज संध्याकाळी ओटीवर बैठक, म्हणजे मागच्या खोलीच्या भिंतीला बरोबर पाठ लावून. दीड वर्ष. पलीकडे काका, अलीकडे हे, आणि मधे शब्द नाही. मी स्वयंपाकघरातून ऐकायची. ते संगीत इतकं संथ आणि जड वाटायचं की मला त्या भटक्या लोकांची दया येई. किती सोसलं असेल बायांनी, असं मनात येऊन जाई. खरी भानगड वेगळीच होती. विजेवर टेप लावला की आतली मोटर जळते, असं अण्णांचं ठाम मत. म्हणून टेप सेलवर. आणि नवे सेल टेपला घालणं ही चैन. आमच्या घरी नवे सेल आधी राखणीच्या बॅटरीत जात. तिचा उजेड पिवळा पडला की ते टेपमध्ये येत. तिथेही दमले की सासूबाई ते अंगणात उन्हात टाकत, आमसुलांच्या शेजारी, आणि वाळले की पुन्हा टेपमध्ये. त्या अर्धमेल्या सेलांवर कॅसेट निम्म्या चालीनं, खालच्या सुरात रडत रडत फिरे. अण्णांनी तिच्याबरहुकूम गिटारच्या तारा उतरवल्या आणि तीच चाल हातात बसवली.

भिंतीपलीकडच्या माणसाचे कान आयुष्यभर सुरात मुरलेले. त्यांनी दीड वर्ष कसं काढलं, देव जाणे. एका संध्याकाळी मागचं दार उघडलं, काका ओटीवर आले आणि परत आल्यापासूनचं पहिलं वाक्य भावाशी बोलले, "दादा, सेल बदल."

मी धावत जाऊन दुकानातून नवे सेल आणले. टेप लावला आणि आम्ही सगळे बघतच राहिलो. ते गाणं पळत होतं, हसत होतं. अण्णांनी हात घालून पाहिला, दोन पकडी गाठल्या, तिसरीला सुटले. पुन्हा धरलं, पुन्हा सुटलं. मग त्यांनी गिटार भिंतीला टेकवून ठेवली. "म्हणजे मी हे शिकलोच नाही," एवढंच बोलले. पुढचे तीन दिवस ओटीवर कोणी बसलं नाही. अण्णा जेवले, पण पानात काय होतं ते विचारलं तर सांगता आलं नसतं. मला त्या माणसाची आयुष्यात पहिल्यांदाच कीव आली, आणि कीव आली याचंच जास्त वाईट वाटलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी माळ्यावर खुडबुड झाली. काका पेटी घेऊन ओटीवर आले, व्हायोलिन काढलं, आणि सावकाश एकेक तार उतरवत अण्णांच्या गिटारच्या पडक्या सुराला आणून भिडवली. जन्मात असा उतरवलेला सूर त्यांनी लावला नसेल. मग म्हणाले, "दादा, तुझ्याच चालीनं घे." आणि थांबले. धनुकली तारांवर टेकवलेली, पण ओढेनात. मला कळलं ते कशासाठी थांबलेत. घरातला शब्द अजून तसाच होता. अण्णांनी तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. काही निघेना. शेवटी त्यांनी गिटार मांडीवर घेतली आणि ठेका धरला. एक, छाट, तीन, छाट. दोन फेरे तसेच गेले आणि तिसऱ्यावर व्हायोलिन आत शिरलं. मी विळीवर नारळ खवत होते. खोबरं कुठे पडलं ते मला दिसत नव्हतं. सासूबाई तर उघड उघड रडत होत्या.

पुढच्या दोन वर्षांत चाल हळूहळू वाढली, तारा हळूहळू चढल्या. काका जेवताना बोलू लागले, माशाला नावं ठेवू लागले. मग पुण्यात मुलांना व्हायोलिन शिकवायचं काम आलं. अण्णा म्हणाले, "जा." या वेळी त्यापुढे काही जोडलं नाही.

तेव्हापासून रविवारी सकाळी पुण्याहून फोन येतो. दोघं भाऊ बोलत काहीच नाहीत. अण्णा रिसीव्हर स्टुलावर आडवा ठेवतात, त्याचं तोंड गिटारकडे करतात आणि वाजवायला बसतात. एकदा मी मटार सोलत शेजारी बसले होते. म्हटलं, "अण्णा, काकांचं वाजवणं तुम्हाला ऐकू येतं का हो?"

"कसं येणार? रिसीव्हर तिथे, माझे कान इथे."

"मग ते वाजवतायत हे कशावरून?"

"वाजवतोय तो," अण्णा म्हणाले. हात चालूच होता. थोड्या वेळानं म्हणाले, "आत्ता वरच्या सुरात गेला असेल," आणि त्याचा आवाज दबू नये म्हणून त्यांनी आपला ठेका जरा हलका केला.