नगराळे मॅडम ‘बसा’ म्हणतात

टीव्हीच्या पडद्यावर नगराळे मॅडम पहिल्यांदा दिसल्या तेव्हा त्या काहीच बोलल्या नाहीत. नुसत्या आमच्याकडे पाहत थांबल्या. मग हातानं खाली बसायची खूण करत म्हणाल्या, “बसा, बसा.” आम्ही तर बसलेलेच होतो! आर्वीच्या कॉलेजातली प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा, फॉर्मॅलिनच्या बरण्यांशेजारी ठेवलेला टीव्ही आणि समोर एमएस्सीची आम्ही मोजकी पोरंपोरी. मागून सुशील म्हणाला, “कोणाले बसवून राह्यल्या ह्या?” आणि हसून हसून आमची पुरेवाट झाली.

मॅडम नागपूरच्या स्टुडिओतून शिकवत आणि उपग्रहावरून त्यांचा तास आमच्यासकट पाच-सहा कॉलेजांना एकाच वेळी दिसे. आमच्याकडे जनुकशास्त्र शिकवायला माणूसच नव्हता, जागा कित्येक वर्षं रिकामी. छतावर उपग्रहाचा तास पकडणारी तबकडी बसली म्हणून तर आर्वीत एमएस्सी सुरू झालं. तिच्यावर माकडं चढली की मॅडमचा चेहरा तुकडे तुकडे व्हायचा, मग कोणीतरी काठी घेऊन वर पळायचं. आम्हाला त्या दिसायच्या, त्यांना मात्र आम्ही दिसत नव्हतो. माइकचं बटण दाबलं तर नुसता आवाज जायचा, आणि तोही सगळ्या कॉलेजांत ऐकू यायचा.

पुढच्या तासाला पुन्हा तेच, थांबणं आणि “बसा, बसा.” तेव्हा सुशील ऐटीत उठला आणि टीव्हीला कमरेत वाकून नमस्कार केला. त्याच्यामागं आम्ही सगळे उठलो. सुरुवातीला ही निव्वळ टिंगल होती हो! पण सवय कशी लागते बघा, दिवाळीपर्यंत टिंगल कुठल्या कुठे गेली. मॅडम दिसल्या की आम्ही आपसूक उभे राहायचो, त्या ‘बसा’ म्हणाल्या की बसायचो.

मॅडम वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेला राहायच्या. तास इंग्रजी-मराठीत चालायचा, पण दर थोड्या वेळानं त्यांची वऱ्हाडी बाहेर पडायची, “समजलं काय? खरं सांगजो.” मग नागपूरची मुलं फाडफाड इंग्रजीत प्रश्न विचारायची. आर्वी चिडीचूप. बटणापर्यंत बोट जायचं आणि परत यायचं.

एक दिवस प्राचार्यांनी आम्हाला बोलावलं. “जे केंद्र काही विचारत नाही, तिथं ही यंत्रणा ठेवून उपयोग काय, असं वरून आलंय. सत्र संपलं की दुसरीकडे नेतील.” माझ्या बाबांनी आधीच बजावलं होतं, “आर्वीत जेवढं भेटते तेवढं शीक. वर्ध्याले होस्टेलवर पाठवणार नाई.” तबकडी गेली की माझं शिक्षण संपलं, आणि मुलगी पाहायला पाहुणे सुरू!

मॅडमच्या कानावर हे गेलं असणार. कारण त्याच आठवड्यात त्या एसटीनं आर्वीला आल्या. सुती साडी, खांद्याला पिशवी, आणि उंचीला इतक्या लहान की सुशील बोलून गेला, “मॅडम, टीव्हीत तं मोठ्या दिसता.”

“टीव्हीले सांग मंग,” त्या म्हणाल्या. “मी चेहरे पाहाले आली तुमचे. तो कॅमेरा जांभई देत नाई, डोकं खाजवत नाई. कोणाले समजलं न् कोणाले नाई, मले काय समजते?”

त्यांनी प्रत्येकाचं नाव विचारलं, कोण कुठं बसतं ते पाहिलं. मग जरा बिचकतच म्हणाल्या, “मी ‘बसा’ म्हणते तवा कोणी उभं राह्यते काय?”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. सुशील हळूच म्हणाला, “हो मॅडम. सगळेच राह्यतो.”

“खरंच?” बाईंचा चेहरा असा खुलला की मला भरून आलं. “मले वाटे, मी उगाच भिंतीले बसवून राह्यली!”

निघताना त्यांनी मला गाठलं. “तू काऊन विचारत नाई?”

“माझं बोलणं ऐकून नागपूरची पोरं हसतील, मॅडम.”

“हसू दे. हसण्याचे मार्क नाई भेटत परीक्षेत. तू विचारजो, बाकी मी पाहते.”

पुढचा तास सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा होता. मी बटण दाबलं. “मॅडम, माझ्या आत्याच्या पोराले सिकल हाय. आत्याले काई त्रास नाई, तिच्या नवऱ्याले, मामाजीले बी नाई. सारे म्हणतात, आत्याच्या रक्तातून आला. खरं हाय काय?”

कुठल्याशा कॉलेजातून फिसकन हसू ऐकू आलं. मॅडम थांबल्या. “झालं हसून?” त्यांनी शांतपणे विचारलं आणि समोरचं टिपण बाजूला सारलं. “हा प्रश्न पुस्तकातून नाही, घरातून आलाय. आज हाच शिकू.” आईबाप दोघांनाही त्रास नसला तरी दोघांच्याही रक्तात तो दडलेला असू शकतो, एकट्या आईकडून हा आजार येत नाही, हे त्यांनी इतकं सोपं करून सांगितलं की मी घरी जाऊन आजीला जसंच्या तसं ऐकवलं. इतकी वर्षं एकटीनं दोष झेलणारी आत्या तिथंच बसली होती, ती त्या दिवशी ढसाढसा रडली.

त्या तासाला मग सगळीकडून प्रश्न आले, आणि त्यातले निम्मे वऱ्हाडीत! सुशीलच्या हातून तर माइक सुटेना. आमची तबकडी आर्वीतच राहिली.

पुढं मी त्यांच्याच हाताखाली सिकलसेलवर संशोधन सुरू केलं. विद्यापीठाच्या इंटरनेट-जाळ्यातून परदेशातले शोधनिबंध आर्वीत उघडू लागले होते. मॅडम नेमके निबंध हेरून मला ईमेल करायच्या, आणि खाली ठरलेली ओळ, “समजलं काय? खरं सांगजो.” नाही समजलं तर तसं लिहायची मला कधी लाज वाटली नाही.

मॅडम आजारी पडल्या आणि सत्र अर्धवट टाकून गेल्या. फार लवकर गेल्या. मी तेव्हा आर्वीच्याच कॉलेजात तासिकेवर शिकवू लागले होते. उरलेले तास त्यांच्या जुन्या चित्रफितींवर भागवायचं ठरलं, आणि पहिलीच आली ती सिकलसेलची. समोरची मुलं नवी, त्यांच्या वर्गाचे मॅडमचे तास अजून सुरूच व्हायचे होते; त्यांनी मॅडमना कधी पाहिलेलं नव्हतं. मी ठरवलं होतं, रडायचं नाही, नुसतं टीव्हीचं बटण दाबायचं.

पडदा उजळला. मॅडम आमच्याकडे पाहत थांबल्या. मी उभी राहिले. मागं एक बाक सरकलं, मग दुसरं, मग सगळीच.

“बसा, बसा,” मॅडम म्हणाल्या.

मुलं बसली. मला मात्र बसवेना.