मिस्त्रींचं तिकीट

मालकांनी गेल्या वर्षीची रेल्वेची पावती माझ्यापुढे टाकली आणि यंदा हैदराबादची नुमाइश नको म्हणाले. विक्रीतून जे सुटलं होतं ते सगळं स्टॉल नेण्या-आणण्याच्या रेल्वेभाड्यात गेलं होतं.

निजामाची शेवटची वर्षं होती ती. नांदेडात हातमागाच्या लुगड्यांची आमची पेढी होती आणि बाहेरगावी माल पाठवण्याचं काम माझ्याकडे होतं. नुमाइश म्हणजे मोठं प्रदर्शन. तिथल्या ऑर्डरींवर विणकरांची पुढची सहा महिन्यांची कामं ठरायची. नुमाइश बंद झाली असती तर त्यांचे माग थांबले असते, आणि माझी नोकरीही गेली असती. खर्च उतरवून दाखवायला मी आठ दिवस मागून घेतले.

आधी स्टेशनवर गेलो. तिथल्या बुकिंग क्लार्कने समजावलं, की हलका पण जागा खाणारा माल असला की भाडं वजनावर नसतं, मापावर असतं. आमचा स्टॉल खिळे ठोकून केलेला, आतून पोकळ. त्याला अख्खी वॅगन लागायची.

"पंतजी, तुम लोगां हवा भेज रै," तो म्हणाला. "हवा का किराया भर रै."

मी थेट गणपत मिस्त्रींकडे गेलो. स्टॉल त्यांनीच केला होता. साठीचे, कमी बोलणारे सुतार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी स्टॉल मोडायला घेतला. एकही खिळा ठेवला नाही. खांब, आडव्या पट्ट्या, फळ्या, सगळं खुंट्या आणि पाचरी मारून जोडायचं केलं. काउंटरच्या जागी चार पेट्या केल्या. जाताना लुगडी पेट्यांत भरायची, तिथे पोचल्यावर त्याच पेट्या मांडून त्यांचं काउंटर करायचं. वेगळी खोकी नकोत, पोकळ जागा नको. मिस्त्रींना वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक जोडावर त्यांनी पटाशीने खाचा पाडल्या. एक खाचेचा तुकडा एक खाचेच्या तुकड्याला जोडायचा, दोन खाचांचा दोन खाचांच्या.

क्लार्कने नवं माप घेतलं. भाडं तिसऱ्या हिश्शावर आलं. तिथे थांबायला हवं होतं. पण मालक खूष झालेले पाहून मला चेव आला. मी म्हणालो, खुणा केल्याच आहेत, तर स्टॉल मी एकटाच जोडेन. जोडायला येणाऱ्या मिस्त्रींचं जाण्यायेण्याचं तिकीट आणि खुराकीही वाचेल. मालकांनी लगेच मान डोलावली.

मिस्त्रींना हे मीच सांगितलं. ते थोडा वेळ हातातली पाचर तासत राहिले.

"बरं हाय," ते म्हणाले. "मग एकदा अंगणात जोडून दावतो. नीट बघून घ्या."

हैदराबादला मी मालाबरोबर उतरलो तेव्हा उद्घाटनाला दोन दिवस होते. तोवर स्टॉल उभा नसेल तर जागा दुसऱ्याला देणार होते. पहिला दिवस फुकट गेला. खाचा जुळत, पण चौकट तिरपी होई. तीन वेळा उभी केली, तीन वेळा उतरवली. मदत मागायला ओळखीचं कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी दमून चौकटीच्या आत बसलो तेव्हा उलगडलं. मिस्त्रींनी खाचा आत उभं राहून पाडल्या होत्या, अंगणात जोडलंही आतूनच, आणि मी बाहेरून जोडत होतो. खाचा आतल्या बाजूला यायला हव्या होत्या, मी त्या बाहेर ठेवत होतो; माझी डावी बाजू म्हणजे त्यांची उजवी. शेजारी वरंगळचा सतरंज्यावाला होता. त्याला माझी भाषा येत नव्हती, मला त्याची. पण त्याने वरची तुळई धरून ठेवली आणि मी पाचरी ठोकल्या.

स्टॉल उभा राहिला. सरळ, नेटका. मी चार पावलं मागे जाऊन पाहिलं आणि सवयीने बोलायला शेजारी वळलो. शेजारी माझी भाषा समजणारं कुणी नव्हतं.

पुढे महिनाभर हेच चाललं. दिवसभर गर्दी, भाव, ऑर्डरी. गर्दी ओसरली की पेटीवर बसून भाकरी खायची. मराठी कानावर पडायची नाही. एक दिवस एक मोठे अंमलदार आले. लुगड्यांकडे न बघता त्यांनी खांबाच्या जोडावरून बोट फिरवलं आणि कारीगर कुठे आहे म्हणून विचारलं. आला नाही, असं मी सांगितलं. का, ते त्यांनी विचारलं नाही. बरं झालं.

ऑर्डरी भरपूर आल्या. नांदेडला परतलो तेव्हा मालकांनी पाठ थोपटली. मिस्त्री संध्याकाळी पेढीच्या पायरीवर येऊन बसले.

"उभा राहिल्यावर कसा दिसून राहिला होता, पंत?"

मी सांगू लागलो. वरून दिवे होते, लोक थांबत होते, एका अंमलदाराने जोडावर बोट फिरवलं. ते ऐकत होते. मला मात्र नीट सांगताच येईना. उंची सांगितली, रंग सांगितला.

"मला बघायचा होता," ते म्हणाले, आणि उठले.

पुढच्या वर्षी नेऊ, असं मी म्हणालो. पुढच्या वर्षी दिवस बिघडले, कुणी कुठे जाईना. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, सगळं स्थिरस्थावर झालं, पेढी पुन्हा नुमाइशीला निघाली, तोवर मिस्त्री राहिले नव्हते.

त्यानंतर मी तीस वर्षं माल पाठवण्याचंच काम केलं. हाताखाली नवा माणूस आला की त्याला सांगायचो, खर्च उतरवायचा तर माप घ्या, पेट्या पुन्हा बांधा, वाटल्यास दहादा बांधा. ज्याने वस्तू केली त्याच्या तिकिटाला हात लावू नका.