सतरा नंबरचा वाफा

मिठागराच्या सोसायटीच्या दारावर सरकारी कागद डकवला, त्या दिवशी एर्सिलिया मावशीने मला भर कामातून ओढत नेलं. तिला वाचता येतं. चष्मा तेवढा कधी जवळ नसतो.

"वाच. मधलं काही गाळू नकोस."

वर ठळक लिहिलं होतं : मोंते क्रिस्ती प्रांत. भूगोल, अर्थव्यवस्था, लोकसंख्या. मी वाचू लागले. उत्तरेला समुद्र, पश्चिमेला हैतीची हद्द. पाऊस कमी. याके नदीकाठी केळी, माळावर बकऱ्या, किनाऱ्याला मीठ.

"हे मला बकऱ्यांनीही सांगितलं असतं. पुढे?"

"मीठ पिकवणारे : पुरुष एक्केचाळीस. स्त्रिया..."

"दात दुखतोय का गं? वाच की!"

"शून्य."

मावशीने मला कोपराने ढोसलं, पुढे वाच म्हणून. खाली वाफ्यांची यादी होती. सतरा नंबर : निकासियो तोरिबियो, मयत, वाफा रिकामा. आणि माणसांच्या यादीत : एर्सिलिया तोरिबियो, व्यवसाय घरकाम. रिकामे वाफे नव्याने वाटणार होते. हरकत असेल त्याने गुरुवारी दुपारी बाराच्या आत यावं.

"घरकाम!" मावशी म्हणाली. "माझं घर बघितलंय का त्यांनी? तिथे काम केल्यासारखं वाटतं का कुणाला?"

खरंच वाटत नाही. अकराव्या वर्षी तिने हातात फावडं धरलं, आता अठ्ठावन्नावं चालू आहे. समुद्राचं पाणी वाफ्यात कधी सोडायचं, ते लालसर झालं की किती दिवस थांबायचं, वर धरलेली मिठाची साय कुठून फोडायची, हे निम्म्या मिठागराला तिनेच शिकवलं. मोर्रोच्या डोंगरावर ढग टेकला तर ती शिव्या देत धावते आणि पाऊस पडायच्या आत ढीग झावळ्यांनी झाकून मोकळी होते. निकासियो काकांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, डॉमिनोचा आणि कोंबड्यांच्या झुंजीचा नाद. ते जाऊन सहा वर्षं झाली. पण आमच्याकडे वाफा पुरुषाच्या नावाने ओळखतात, माणूस मेला तरी. तिनेही कधी नाव बदला म्हटलं नाही. "नावाने मीठ धरतं का?" म्हणायची.

गुरुवारी सोसायटीत अधिकारी बसला होता. कोवळा पोरगा, घामाने चिकटलेला शर्ट. शेजारी सोसायटीचे अध्यक्ष फेर्मिनकाका. त्यांच्या जावयाचा सतरा नंबरवर डोळा आहे, हे गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक. मागे भिंतीला टेकून आम्ही बायका.

"साहेब, हे शून्य कुणाचं?" मावशीने विचारलं.

त्याने तिचा फॉर्म काढला. "बाई, मी तुमच्या दारात आलो होतो. काय करता विचारलं. तुम्ही म्हणालात, काही नाही, असते इथेच."

सगळ्या बायकांनी माना खाली घातल्या. कारण प्रत्येकीने तेच सांगितलं होतं. आम्ही हद्दीजवळची माणसं. आजीच्या काळात कोण इथलं, कोण हैतीचं असं दारोदार विचारत सैनिक आले, आणि ज्यांनी उत्तरं दिली त्यांची घरं सकाळी उघडी, रिकामी सापडली. तेव्हापासून कागद घेऊन माणूस आला की त्याला खुर्ची द्यायची, कॉफी द्यायची, आणि काही नाही म्हणायचं. हे आम्ही चालण्याआधी शिकतो.

"म्हणाले मी!" मावशीचा आवाज फाटला. राग आता तिचा तिच्यावरच होता, म्हणून दुप्पट. "या तोंडाने म्हणाले! गाढव मी. पण पोरा, माझे पाय दिसले नाहीत तुला? घरकामाने अशा भेगा पडतात?" तिने चप्पल काढून पाय सरळ टेबलावर ठेवला.

अधिकारी खुर्चीसकट मागे सरकला. "पाय लिहायला रकाना नाही, बाई. यादीतल्या एका मीठकऱ्याने सही दिली, तर दुरुस्ती होईल."

मावशी वळली. "फेर्मिन."

फेर्मिनकाका समुद्राकडे बघू लागले. "तू राबतेस हे सगळ्यांना माहीत आहे, एर्सिलिया. पण कायदा म्हणजे..."

"कायद्याचं नंतर. साय फोडायला तुला कुणी शिकवलं?"

"तसं बघितलं तर..."

"कुणी?"

तेवढ्यात भिंतीपासून त्यांची बायको मिरेल्दा पुढे आली. तिचा आवाज मी चर्चमध्येसुद्धा कधी ऐकला नव्हता.

"साहेब, माझीही दुरुस्ती आहे. आमच्या नऊ नंबरवर मी असते. यांची कंबर धरलीये गेल्या ईस्टरपासून. हे घरी भांडी घासतात. घरकाम यांच्या नावापुढे लिहा."

हशा पिकला. "भांडी?" कुणीतरी ओरडलं. "फेर्मिन, माझीही पाठवू का?"

"मिरेल्दा, घरी चल," काका दातओठ खात म्हणाले.

अधिकाऱ्याने पेन उचललं. "म्हणजे नऊ नंबरवर प्रत्यक्षात..."

"थांबा, थांबा! कुठे सही करायची ते सांगा." काकांनी मावशीच्या फॉर्मवर सही ठोकली, कागद फाटेल इतक्या जोरात.

अधिकारी लिहू लागला. मावशी त्याच्या खांद्यावरून वाकली. "काय लिहितोस?"

"सतरा : कै. निकासियो यांची विधवा."

"खोड ते."

"बाई, तसं चालतं..."

"मला चालत नाही. तो माणूस एक दिवस उन्हात उभा राहिला नाही. एर्सिलिया लिही. मीठकरी लिही. घाई नको, स्पेलिंग चुकवशील."

त्याने खोडलं, लिहिलं. मला वाटलं, आता तरी ती हसेल. ती भिंतीकडे वळून खेकसली, "बघत काय बसल्यात? रांग लावा! आणि काही नाही म्हणाली कुणी, तर माझ्याशी गाठ आहे."

तेवीस बायका उठल्या. मिरेल्दा सगळ्यांत पुढे. अधिकाऱ्याने घड्याळ पाहिलं. "बाराला पाच कमी आहेत. वेळ संपली की मला..."

मावशीने दाराला आतून कडी घातली आणि पाठ लावून उभी राहिली.

"फेर्मिन, बस तिथेच. अजून तेवीस सह्या करायच्यात."