तुर्की भाषेतलं ‘पेक्षा’

तुर्की भाषेत ‘माझ्यापेक्षा’ला ‘बेनदेन’ म्हणतात. ती भाषा शिकून मला बरीच वर्षं झाली, बाकीचं पुष्कळसं विसरले, पण हा शब्द काही डोक्यातून जात नाही. पेडण्यात राहून हिला तुर्की कशाला हवी होती, असं कुणीही विचारील. नोकरीसाठी हवी होती. तुर्कस्तानातल्या समुद्रकाठच्या एका हॉटेलाला गोव्यातल्या मुली हव्या होत्या, आणि थोडीफार भाषा येणारीला आधी घेणार होते. मला जायचं होतं. हॉटेल कसं असतं हे मला ठाऊक नव्हतं, समुद्र तर घरापासून हाकेच्या अंतरावर होता; मला आमच्या घरातून जायचं होतं.

घर एकत्र होतं. माझे वडील, काका, आई, काकी आणि आम्ही मुलं. काकांची मुलगी आणि मी एकाच वर्षी जन्मलो, हीच माझी पहिली चूक. आमच्या घरात विशेषणांना साधं रूपच नव्हतं. काकी कुणाला नुसतं उंच म्हणत नसे, कुणापेक्षा तरी उंच म्हणे. नुसतं गोरं नाही, कुणापेक्षा तरी गोरं. ते ‘कुणापेक्षा’ बहुधा मी असे. ती माझ्यापेक्षा उंच होती हे खरं. माझ्यापेक्षा गोरी होती हेही दिसत होतं. पण माझ्यापेक्षा गुणी कशावरून, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. मी क्लासला नाव घातल्याचं कळताच काकीने तिचंही घातलं.

क्लास म्हापशाला, एका बेकरीच्या माडीवर भरायचा. खालून गरम उंड्यांचा, आमच्याकडच्या गोल पावांचा, वास यायचा आणि जनेलातून, म्हणजे खिडकीतून, शुक्रवारच्या बाजाराची आरडाओरड. मास्तर डिचोलीचे. ते पूर्वी बोटीवर खलाशी होते आणि बोट तुर्की मालकाची होती, एवढ्याच भांडवलावर ते भाषेचे पंडित झाले होते. त्यांची सगळी तुर्की डेक घासता घासता शिकलेली. त्यामुळे गंज, रंगाचा डबा, दोरखंड असले शब्द आम्हाला आधी आले, ‘बसा’ आणि ‘पाणी घ्या’ फार उशिरा.

तरी माणूस शिकवायचा बरा. ‘पेक्षा’साठी तुर्कीत शब्दाला मागून ‘देन’ किंवा ‘दान’ लावतात. मास्तर म्हणाले, हे अगदी आपल्या ‘हून’सारखं आहे. म्हापशाहून बस सुटते आणि म्हापशाहून पेडणं लहान. दोन्ही ठिकाणी आपण ‘हून’च म्हणतो, तुर्की माणूसही दोन्हीकडे ‘दान’च म्हणतो. ‘अधिक’साठी ‘दाहा’, ‘सगळ्यांत’साठी ‘एन’. झालं. इयि म्हणजे चांगला, दाहा इयि म्हणजे अधिक चांगला, एन इयि म्हणजे सगळ्यांत चांगला. विशेषणाचं रूप बदलत नाही, लिंग नाही, वचन नाही. काकीला ही भाषा आठवड्यात आली असती.

खरी मजा पुढच्या पाठात होती. आपण लाल म्हणून थांबत नाही, लालभडक म्हणतो. हिरवागार, पिवळाधमक, पांढराशुभ्र. आपण शब्दाला शेपूट जोडतो, तुर्की माणूस तोंड जोडतो. किर्मिझी म्हणजे लाल, लालभडक म्हणजे किप्किर्मिझी. बेयाझ म्हणजे पांढरा, पांढराशुभ्र म्हणजे बेम्बेयाझ. तेमिझ म्हणजे स्वच्छ, आणि लख्ख म्हणजे तेर्तेमिझ. मधे कुठे प, कुठे म, कुठे र, कुठे स. नियम विचारला तर मास्तर म्हणत, नियम नाही, कानाला विचारा. मग मी त्यांना विचारलं की लालधमक आणि पिवळाकुट्ट का म्हणत नाहीत, तर म्हणाले, तेही कानालाच विचारा. त्यांच्याकडे सगळ्या तक्रारी कानावर घालायची सोय होती.

उदाहरणांपायी मात्र वर्गात दोन तट पडले. पेडण्याच्या एकीने वाक्य केलं, डिचोलीचा रस्ता किप्किर्मिझी आहे. खाणींच्या ट्रकांची धूळ सगळ्यांनीच पाहिलेली, तेव्हा खोटं काही नव्हतं. मास्तरांना ते झोंबलं. त्यांनी फळ्यावर ‘बोश’ लिहिलं, म्हणजे रिकामा. त्याच्यापुढे ‘बोम्बोश’, म्हणजे ओस पडल्यासारखा रिकामा. आणि उदाहरण दिलं पेडण्याच्या बाजारपेठेचं. त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही तुर्की भाषेतून दोन तालुक्यांची उणीदुणी काढत होतो. भाषा शिकायला याहून चांगला उपाय नाही. माझी चुलत बहीण या भांडणात पडत नसे. ती जनेलाशी बसून खालच्या बाजारातल्या बांगड्या बघत असे. तिला ‘एवेत’, म्हणजे हो, आणि ‘हायिर’, म्हणजे नाही, एवढं पक्कं बोलता येत होतं, ऐकलेलं थोडंफार कळे. बाकी सगळं ती माझ्या वहीवर डोळा ठेवून निभवायची.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे स्वतःची वस्तू कुणी चांगली म्हणत नाही. पानात सोलकढी वाढताना बाई म्हणणार, “आज काय बरी जावंक नाय.” पाहुण्याने लगेच म्हणायचं, “छे गो, केदी बरी झाल्या!” एकाने खाली वाकायचं, दुसऱ्याने उचलायचं. दोघांनाही ठाऊक असतं की कढी उत्तम झाली आहे, तरी हा खेळ पुरा झाल्याशिवाय घास उतरत नाही. आमच्या नात्यात घाटावरचा एक जावई आला होता. सासू म्हणाली, माशाची कढी जरा खारट झाली. त्याने चव घेऊन विचार केला आणि म्हणाला, “हो, थोडी खारटच आहे.” त्या जावयाने पुढे घर बांधलं, मुलांना शिकवलं, सासूच्या आजारपणात धावपळ केली, पण त्याचं नाव निघालं की अजून कढीच निघते.

मुलींच्या बाबतीतही तोच खेळ. पाहुण्यांसमोर काकी आपल्या लेकीबद्दल म्हणे, “आमच्या चेडवाक काय येता?” की आई ताबडतोब उचलत असे, “नाय गो, सगळां येता तिका.” आईने मला खाली वाकवलं की काकीही उचलायची, पण जेमतेम: “नाय गो, नाकान बरां असा.” माझं आयुष्य त्या नाकावर चाललं होतं.

हॉटेलची बाई मुलाखतीला म्हापशाला आली तेव्हा कळलं की जागा भरत आल्या आहेत आणि आमच्या क्लासमधून आता एकीलाच घेता येईल. इतर मुलींना आधीच नाही म्हणून सांगितलं होतं. शेवटी आम्हा दोघींना एकदम आत बोलावलं. बाई हसतमुख, केस आखूड, मेजावर चहाचा पेला. आम्ही एका घरातल्या आहोत हे कळल्यावर तिला गंमत वाटली. तिने मला काही साधं विचारलं, मी उत्तर दिलं, आणि तिने भुवया उंचावल्या. म्हणाली, तुझी तुर्की फार छान आहे.

इथे माझ्या तोंडून, इतक्या वर्षांच्या सवयीने, जे यायचं तेच आलं. मी म्हटलं, “छान कसली. ओ बेनदेन दाहा इयि.” ती माझ्यापेक्षा चांगली आहे. वाक्यात एक चूक नव्हती. मी वाकले होते, आता बहिणीने उचलायचं होतं. तिने फक्त ‘हायिर’ म्हणायचं होतं, आणि तो शब्द तिला येत होता.

त्या बाईने मात्र मधेच एक लांबलचक शब्द उच्चारला, ‘एस्ताफुरुल्लाह’ असा काहीसा. तो मला ठाऊक नव्हता, मी नुसती हसले. मग तिने माझ्या बहिणीकडे वळून विचारलं, खरंच का?

“एवेत,” बहीण म्हणाली.

मला वाटलं, तिला प्रश्न कळला नसावा. बाईने मला पुन्हा विचारलं, दोघींत कामाला चपळ कोण? मी पुन्हा वाकले, कारण एकदा खेळ सुरू झाला की मधे थांबता येत नाही, आणि आता तरी ती उचलील अशी माझी खात्री होती. एवेत, ती म्हणाली. पाहुण्यांशी गोड कोण बोलतं? मी तिचं नाव घेतलं. एवेत. मी शुद्ध तुर्कीत, ‘दाहा’ आणि ‘देन’ जागच्या जागी लावून, स्वतःला खड्ड्यात उतरवत होते, आणि ती वरून माती लोटत होती. तिच्याजवळचे शब्द दोनच होते, आणि तिने त्यातला नेमका वापरला.

शेवटी बाई मला इंग्रजीत म्हणाली, तू हुशार आहेस, पण आमचं जेवण बरं नाही, खोली बरी नाही, असं पाहुण्यांना सांगणारी मुलगी मला हॉटेलात कशी चालेल? तिचं काही चुकलं नव्हतं. तिने बहिणीला निवडलं.

बाहेर मास्तर थांबले होते, त्यांना मी त्या लांब शब्दाचा अर्थ विचारला. ते म्हणाले, कुणी स्वतःला कमी म्हटलं की तुर्की लोक तसं म्हणतात, म्हणजे ‘छे, असं कुठे’. म्हणजे हा खेळ त्यांच्याकडेही होता. परक्या देशाच्या बाईने मला उचललं होतं आणि ते मला कळलं नव्हतं. मी विचारलं, शिकवला का नाहीत? म्हणाले, बोटीवर स्वतःला कमी म्हणणारा कुणी भेटलाच नाही.

पेडण्याच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. कोलवाळचा पूल गेल्यावर मी विचारलं, “हायिर कित्याक म्हटलंस नाय गो?”

तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर लबाडी असती तर मी तिथेच तिची वेणी ओढली असती, पण लबाडी नव्हती. “माका वाटलां, तू खरांच सांगतस,” ती म्हणाली. लहानपणापासून तिने माझ्याबद्दल तेच ऐकलं होतं, आणि घरातली माणसं ते खेळाखेळात म्हणत नव्हती.

घरी मात्र समारंभ झाला. बहिणीने जे झालं ते सगळं सांगितलं, आणि ऐकणाऱ्यांनी त्याचा अर्थ लावला की मी मुद्दाम माघार घेतली. काकीने मला जवळ घेतलं. शेजारणी जमल्या होत्या, चहा ठेवला होता. काकी सगळ्यांना सांगत होती, “आमच्या घरात सगळ्यांत मोठां मन हिचां.” ‘सगळ्यांत’! ज्या घरात माझ्या वाट्याला साधं ‘अधिक’ कधी आलं नव्हतं, तिथे मला एकदम ‘एन’ लागला, आणि तोही नोकरी गेल्यावर. मला रडू फुटत होतं.

मी म्हटलं, “नाय गो काकी, माझां मन काय मोठां नाय. माका जावचां होतां.”

“बघितलां?” एक शेजारीण म्हणाली. “तरी लहानपणच घेता.”

मी जन्मात पहिल्यांदा सरळ सांगितलं होतं, तर तेही वाकणं ठरलं. जितकं खरं सांगावं तितकं माझं मन मोठं होत चाललं. आईने डोळ्यांना पदर लावला. तिला तरी कळलं असेल असं वाटून मी तिच्याकडे पाहिलं, पण तीही अभिमानानेच रडत होती.

मग काकीने चहाचा पेला माझ्या हातात दिला आणि कामाचं बोलली. लेकीला तिकडे जायच्या आधी ती भाषा यायला हवी, नाहीतर बाई तिला परत धाडील. “तुका तिच्यापेक्षां बरी येता,” काकी म्हणाली. “तूच शिकय तिका.”

‘तिच्यापेक्षां बरी.’ इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं ते काकी चार बायकांसमोर, मोठ्याने आणि न अडखळता म्हणाली. ते तिला आधीपासून ठाऊक असणार. आता मी म्हणायचं होतं, छे, मला कसली येते. मग त्यांनी म्हणायचं होतं, नाय गो, येता. आणि मग मी तिला शिकवायला बसायचं होतं. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, माझी पाळी होती.

“होय,” मी म्हटलं. “माका तिच्यापेक्षां बरी येता. शिकवची नाय.”

असं उत्तर आलं तर पुढे काय म्हणायचं, हे आमच्याकडे कुणाला शिकवलेलंच नाही. आईने खाली पाहिलं. एका शेजारणीला एकाएकी घरची गुरं आठवली. काकीने माझ्यासमोरची बिस्किटांची बशी उचलून दुसऱ्या बाईपुढे ठेवली आणि नेहमीच्या आवाजात आईला म्हणाली, “वयनी, ह्या चेडवाक मन म्हणून नाय.” माझ्या हातातला चहा अजून गरम होता.